गोणींतलें नत्र आणि अंगणांतला निंब

घरांतील जमाखर्चाची वही ज्यांना रोज लिहावी लागते त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पैसा किती आला यापेक्षां तो किती दिवस टिकला यावर संसार चालतो. पहिल्या तारखेस आलेली रक्कम आठवड्यांत उडून जात असेल तर ती दुप्पट झाली तरी महिन्याची अखेर कोरडीच जाते. शेतांतील खताचा हिशेब याहून निराळा नाहीं. आणि युरियाच्या बाबतींत तर तो इतका तंतोतंत जुळतो कीं, हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांतून उचलून कुटुंबाच्या मासिकांत आणावा असें आम्हांस वाटलें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरची थोडीफार शेती कोठें तरी असेलच. भाऊबंदांपैकीं कोणी तरी ती पाहतो, दिवाळीच्या सुमारास तांदळाचें पोतें येतें, आणि बाकीच्यांचा तिच्याशीं संबंध तेवढाच उरतो.

आमच्या घराण्याची एक शाखा अहेरीस आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, प्राणहितेच्या काठीं, हें जुन्या जमीनदारीचें गांव वसलें आहे. वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन जी प्राणहिता होते ती येथून पुढें सिरोंच्याकडे जाऊन गोदावरीस मिळते; पलीकडचा तीर तेलंगणाचा. १९८२ सालापर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. आलापल्लीच्या सागवानी जंगलांतून येथें यावें लागतें, आणि बाजारांत एकाच दुकानापुढें मराठी, तेलुगु व माडिया अशा तीन भाषा कानावर पडतात. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांतील लहानथोर सर्व दादा म्हणतात, त्यांनीं तेथेंच शिक्षकी केली व सेवानिवृत्त झाल्यावर तेथेंच राहिले. वहिनी, पुतण्या, दोन पुतणींची अधूनमधून माहेरपणें, आणि सोळा बांध्या धान, असा त्यांचा संसार आहे. (पश्चिमेकडील वाचकांसाठीं सांगावयाचें तर, आपण ज्याला भाताचें खाचर म्हणतों ती तिकडची बांधी, व बांध म्हणजे धुरा.)

या सोळा बांध्यांवरून घरांत दोन पक्ष पडले होते. दादांचा विश्वास शेणखतावर, पुतण्याचा युरियावर. दोघांचेंहि म्हणणें अर्धें अर्धें खरें. गोठ्यांत पूर्वीं दहा-बारा जनावरें असत. आतां दोन म्हशी व एक गाय उरली आहे, आणि तेवढ्या शेणावर सोळा बांध्यांचें पोट भरत नाहीं, हें कबूल करणें दादांच्या जिवावर येतें. उलट पुतण्याला वाटे कीं, पिवळ्या पडलेल्या धानाला एकच औषध, व तें पांढऱ्या गोणींतलें. दोन वर्षांपूर्वीं रोवणा आटोपल्यावर आठवडाभर धो धो पाऊस पडला. धान फिकें दिसूं लागलें. त्यानें नेहमींच्या हप्त्यांवर आणखी खत टाकलें. पंधरा दिवसांत पीक असें काळेंभोर झालें कीं शेजारीपाजारी पाहावयास आले. आणि लोंब्या भरतां भरतां आश्विनांत एका रात्रीच्या वादळी पावसानें खालच्या बांध्यांतलें सगळें धान आडवें पाडलें. लोळलेलें धान कापावयास बायांना दुप्पट वेळ लागतो, दाणा काळा पडतो, व व्यापारी तोंड वांकडें करून भाव सांगतो. त्या हिवाळ्यांत दादांनीं जमीन ठेक्यानें देऊन टाकण्याची भाषा काढली.

पुतण्या आम्हांस एकांतांत म्हणाला, "काका, जमीन ठेक्यानें गेली म्हणजे मी नागपुरास कोणाच्या तरी दुकानांत हिशेब लिहीत बसेन. दुसरें काय?" घरांत चार दिवस कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. आम्हीं आयुष्यभर महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविलें असल्यामुळें शेवटीं दोन्ही पक्षांनीं आम्हांस पंच नेमलें. दादांच्या तोंडावर "तुमचें चुकतें" म्हणण्याची रीत आमच्या घरांत नाहीं, व तरुण मुलाच्या पुढ्यांत त्याचा पाणउतारा करणेंहि बरें नव्हे. म्हणून निवाडा देण्यापूर्वीं युरियाचेंच चरित्र दोघांना सांगावें असें आम्हीं ठरविलें. तें येथें थोडक्यांत देतों.

युरिया प्रथम प्रयोगशाळेंत तयार केला तो व्होलर या जर्मन रसायनज्ञानें, १८२८ सालीं. हवेंतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची युक्ति हाबर यास १९०९ सालीं साधली व बॉशनें १९१३ सालीं तिचा कारखाना उभा केला. आजचा युरिया त्याच अमोनियापासून होतो. आपल्याकडे सिंद्रीचा मोठा खतकारखाना १९५१ सालीं सुरू झाला. गोणी पूर्वीं ५० किलोची असे, २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें, म्हणजे एका गोणींत २०.७ किलो नत्र घरांत येतें. आतां या वीस किलोंपैकीं पिकाच्या अंगीं किती लागतें? पाणी भरलेल्या धानाच्या बांधींत साधारण ३० ते ४० टक्के. म्हणजे सहा ते आठ किलो. उरलेल्यापैकीं कांहीं मातींत राहतें. पण पुष्कळसें हवेंत उडतें किंवा पाण्याबरोबर नाल्यास जातें. पगाराच्या पाकिटांतून निम्म्याहून अधिक नोटा रस्त्यांत गळून पडाव्या, आणि घरधन्यानें मालकाकडे पगारवाढ मागावी, तसा हा प्रकार आहे.

नत्र पळून जातें तें तीन वाटांनीं. युरियाचा दाणा ओल्या मातीस लागला म्हणजे तींतील एक किण्व दोन-चार दिवसांतच त्याचें अमोनियम करून टाकतें. ही पहिली अवस्था, आणि सर्वांत सुरक्षित. कारण अमोनियमवर धन विद्युत् असते व चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या कणांवर ऋण, त्यामुळें माती त्याला धरून ठेवते. मात्र तें मातीपर्यंत पोंचलें पाहिजे. वरच्या उथळ पाण्यांतच राहिलें, तर दुपारच्या उन्हांत पाण्यावरील शेवाळ कर्बवायु शोषून घेतें, पाणी क्षारधर्मी बनतें, आणि अमोनिया वायुरूपानें उडून जातो. ही पहिली वाट. मातीच्या अगदीं वरच्या, कांहीं मिलिमीटर जाडीच्या थराला पाण्यांतून हवा मिळते. तेथें राहणारे सूक्ष्म जंतु अमोनियमचें नायट्रेट करतात. नायट्रेटला माती धरीत नाहीं. तें पाण्याबरोबर खालीं झिरपतें किंवा धुऱ्यावरून वाहून जातें, ही दुसरी वाट. आणि तिसरी वाट सर्वांत विलक्षण आहे. झिरपलेलें नायट्रेट खालच्या काळ्या, हवा नसलेल्या चिखलांत गेलें कीं तेथील निराळे जंतु त्यांतला प्राणवायु ओरबाडून घेतात, व नत्र पुनः हवेंत सोडून देतात. म्हणजे कारखान्यांत प्रचंड उष्णता व दाब खर्चून हवेंतून जें ओढून आणलें, तें अहेरीच्या चिखलांत फुकट हवेस परत. जातां जातां त्याचा एक अंश नायट्रस ऑक्साइड नांवाच्या वायूच्या रूपानें जातो. पृथ्वी तापविण्यांत तो शंभर वर्षांच्या हिशेबानें कर्बवायूच्या २७० पटींहून अधिक भारी पडतो.

हें ऐकल्यावर दादा म्हणाले, "मग आमचें शेणखत काय वाईट?" वाईट नाहींच, शेणखतांतील नत्र सेंद्रिय बंधनांत असतें व हळूहळू सुटतें, म्हणून त्याला हे पाय फुटत नाहींत. पण त्यांत नत्र इतकें थोडें कीं एका गोणीची भर काढावयास गाड्याच्या गाड्या लागतात. तेव्हां प्रश्न शेण कीं युरिया असा नसून, गोणींतलें नत्र अमोनियमच्या अवस्थेंत जास्तींत जास्त दिवस कसें थांबवावें, असा आहे. आणि त्याचें उत्तर आमच्या वहिनी रोज सकाळीं अंगणांत झाडून उकिरड्यावर टाकीत होत्या.

अंगणांत दोन मोठे कडुनिंब आहेत. निंबोळींतील कडू द्रव्यें अमोनियमचें नायट्रेट करणाऱ्या जंतूंना सुस्त करतात. मारून टाकीत नाहींत, कांहीं आठवडे त्यांचा वेग मंद करतात, एवढेंच. पण रोवणा झाल्यावर रोप मुळें धरून खाऊं लागेपर्यंत तेवढेच आठवडे मोलाचे असतात. दिल्लीच्या भारतीय कृषि-संशोधन संस्थेंत राजेंद्र प्रसाद व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ च्या सुमारास धानावर हे प्रयोग केले. करंजाच्या बियांतील करंजिन या द्रव्याचा असाच गुण पुढें सहरावत यांनीं दाखविला. सरकारास हें पटावयास वेळ लागला. निंबाचें तेल लावलेल्या युरियास खतांच्या कायद्यांत २००४ सालीं जागा मिळाली व २०१५ पासून देशांत तयार होणारा सर्व युरिया तसा लेप देऊनच बाहेर पडूं लागला. त्यांत नत्र वांचविण्याइतकाच आणखी एक हेतु होता: स्वस्त दराचा युरिया शेताऐवजीं प्लायवूडच्या कारखान्यांत किंवा भेसळीच्या दुधांत जाऊं नये! आपल्या लोकांच्या कल्पकतेस निंबाचा कडूपणा कितपत पुरा पडला हा प्रश्न निराळा.

येथें पुतण्यानें बरोबर हरकत घेतली. "गोणीवर निंबाचें नांव छापलेलें असतें, काका. मग पुनः निंबोळ्या कशाला?" तर लेपासाठीं ठरविलेलें प्रमाण फार थोडें आहे, हजार किलो युरियास किमान ३५० ग्रॅम तेल. कारखान्यास तें सोयीचें आहे व त्याचा कांहीं उपयोगहि होतो. पण प्रयोगांत जी रीत पूर्वींपासून वापरली गेली ती पांच भाग युरियास एक भाग निंबोळीची ढेप, अशी. म्हणजे ४५ किलोच्या गोणीस ९ किलो भुकटी. या नऊ किलोंत स्वतःचें नत्र अर्ध्या किलोच्या आंतच असेल, म्हणून ढेपेस खत समजून टाकणारा निराश होतो. तिला राखणदार म्हणून ठेवावयाची असते. पूर्वीं भुकटी दाण्यास चिकटावी म्हणून डांबर व रॉकेल यांचा हात लावीत. घरीं कुटलेल्या निंबोळींत तेल शिल्लक असल्यामुळें ती उठाठेव आम्हांस करावी लागली नाहीं. मिश्रण आदल्या रात्रीं सावलींत करावें व सकाळीं टाकावें. भिजट दिवसांत तें ठेवून दिलें तर दगड होऊन बसतें.

आणि एक गोष्ट, जी विकणारे सहसा सांगत नाहींत. निंब नायट्रेट होऊं देत नाहीं, पण पाण्यावरून अमोनिया उडतो त्याला तो अडवीत नाहीं. उलट नत्र अमोनियमच्याच रूपांत अधिक दिवस राहिल्यामुळें, तें वरच्या पाण्यांत फेंकलें असल्यास पहिल्या वाटेनें थोडें जास्तच जाण्याचा संभव असतो. म्हणून बांधींतलें पाणी काढून, चिखलावर खत टाकून, तें मातींत कालविणें हें अर्धें काम आहे, व तें न केल्यास नुसता निंब बिचारा काय करणार!

या बाबतींत आपल्या कोंकणांतील एका शास्त्रज्ञानें जें काम केलें तें मराठी घरांत अधिक माहीत असावयास हवें. डॉ. नारायण सावंत यांनीं १९८२ सालीं डी दत्ता यांच्यासह ओल्या धानजमिनींत नत्राचीं काय काय रूपांतरें होतात यावर विस्तृत शास्त्रीय निबंध लिहिला. आणि पुढें तें सगळें शास्त्र चार साध्या सूत्रांत आणून शेतकऱ्यापुढें ठेवलें. महाराष्ट्रांत तें चारसूत्री लागवड या नांवानें प्रसिद्ध आहे. पहिलें सूत्र, धानाच्या तुसाची काळी राख रोपांच्या वाफ्यांत मिसळावी. दुसरें, गिरिपुष्पाचा हिरवा पाला रोवण्यापूर्वीं चिखलांत गाडावा. तिसरें, रोपें १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरानें लावावीं, म्हणजे चार चार चुडांचा एकेक चौकोन होतो. चौथें, रोवण्याच्याच दिवशीं प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागीं युरिया व डीएपी यांची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल हातानें दाबावी. गोळी खालच्या हवा नसलेल्या थरांत जाते. तेथें नायट्रेट होतच नाहीं, वरच्या पाण्याशीं संबंध नाहीं, आणि चारी बाजूंनीं मुळें तिच्यापर्यंत चालत येतात. तीनहि वाटा एका बोटाच्या दाबानें बंद! एकरास अशा सुमारें ६८ किलो गोळ्या पुरतात. तुसाच्या राखेंतील सिलिका रोपाच्या काडीस ताठपणा देते, म्हणजे लोळण्याच्या दुखण्यावरहि ती उपयोगी पडते. ज्यांच्या धानानें जमीन धरली होती त्या आमच्या मंडळींनीं हें वाक्य दोनदा वाचावयास लावलें.

राखेवरून वहिनींनीं विचारलें कीं चुलींतली राख चालेल काय. नाहीं, आणि हें सर्व गृहिणींनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लांकडाची पूर्ण जळलेली पांढरी राख तीव्र क्षारधर्मी असते. ती युरियांत मिसळली किंवा शेणाच्या खड्ड्यावर टाकली तर अमोनिया तडकाफडकी उडून जातो. खड्ड्याजवळ नाकांत जो झोंबरा वास शिरतो तो आपल्या पैशाचा. अर्धवट जळून काळा राहिलेला तुसाचा कोळसा हा वेगळा पदार्थ. तो सच्छिद्र असतो, अमोनियमला थोडाफार धरून ठेवतो, व वर्षानुवर्षें मातींत टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील जुन्या रहिवाशांनीं अशाच कोळशानें व खरकट्यानें काळी केलेली जमीन शेंकडों वर्षांनंतर आजहि सुपीक आहे. धानाच्या गिरणीवर तूस मिळतो, पण जाळतांना धग दाबून ठेवण्याचें कसब लागतें. पुतण्याचा पहिला ढीग रातोरात पांढरा होऊन गेला.

खड्ड्याचा विषय निघाला म्हणून सांगतों. शेण, पालापाचोळा, गोमूत्राची माती व थोडी राख यांचे थर देऊन, पाणी व हवा यांचें मान राखून खत कसें करावें हें इंदूरच्या संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं शोधलें, व १९३१ सालीं दोघांच्या नांवानें इंग्रजींत पुस्तक निघालें. हॉवर्डचें नांव जगभर झालें. वाडांचें नांव मात्र आपल्याहि लोकांस सहसा आठवत नाहीं. त्यांच्या पद्धतींतील राख अगदीं बेतानें व मातीबरोबर देण्याची असते, वहिनींच्या टोपलीप्रमाणें नव्हे. असें मुरलेलें खत मातींत असलें कीं युरियाचें अमोनियम धरावयास जागा वाढते. म्हणून दादांचें शेणखत व पुतण्याचा युरिया हे एकमेकांचे वैरी नसून एकानें दुसऱ्यास हात द्यावयाचा आहे. तेंच काम बोडीचा गाळ करतो. वरच्या रेताड बांध्यांत चिकण गाळ घालण्याची चाल त्या मुलखांत जुनी आहे, व २०१७ पासून सरकारनेंहि धरणांचा गाळ शेतांत नेण्याची योजना काढली. ताजा पेंढा मात्र ऐन रोवण्याच्या वेळीं चिखलांत पुरूं नये. तो कुजविणारे जंतु आपल्या भुकेसाठीं पिकाच्या तोंडचें नत्र खातात. दोन-तीन आठवडे आधीं पुरावा.

मोहाबद्दल थोडें सावधपणें लिहितों. मोहाच्या बियांस तिकडे टोळी म्हणतात. त्यांचें तेल काढून उरलेल्या ढेपेंतहि जंतूंना मंद करण्याचा गुण थोडाफार आढळला आहे, व अहेरीच्या आसपास मोहाला तोटा नाहीं. पण या ढेपेंत माशांस मारक असें द्रव्य असतें. मत्स्यतळ्यांतून नको असलेले मासे मारण्यास ती मुद्दाम वापरतात. पावसाळ्यांत बांध्यांतून व नाल्यांतून मासे धरणें हें त्या भागांतील कितीतरी घरांचें कालवण आहे. आपल्या नत्राच्या चार किलोंसाठीं दुसऱ्याच्या ताटांतलें कालवण नाहींसें करणें आम्हांस पटलें नाहीं, म्हणून आम्हीं ती वगळली. निंब व करंज पुरे आहेत.

आतां खर्चाची गोष्ट. वहिनींनीं ती सर्वांआधीं काढली होती. "भाऊजी, निंबोळ्या वेंचायला बाया लावल्या तर त्यांची मजुरी युरियाच्या गोणीहून महाग पडेल. याचा हिशेब केलात का?" हा प्रश्न एखाद्या अर्थशास्त्रज्ञानें विचारावा तसा होता. ४५ किलो युरियाची किंमत सरकारनें २४२ रुपये, लेप व कर निराळे, अशी बांधून दिली आहे. खरा उत्पादनखर्च त्याहून कितीतरी अधिक, व तो सरकारी तिजोरी सोसते. जी वस्तु इतक्या स्वस्तांत मिळते तिची नासाडी थांबविण्यास कोण पैसे खर्चील? नुसत्या रोकडीच्या हिशेबानें वहिनींचें म्हणणें खोडतां येत नाहीं, व आम्हीं तें खोडलेंहि नाहीं. पण या हिशेबांत लोळलेलें धान धरलेलें नाहीं, रोवण्याच्या ऐन दिवसांत गोणीसाठीं लावाव्या लागणाऱ्या रांगा धरलेल्या नाहींत, आणि विहिरीचें पाणीहि धरलेलें नाहीं. पिण्याच्या पाण्यांत लिटरास ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट असूं नये असा आपला दंडक आहे. विदर्भांतील अनेक जिल्ह्यांत कित्येक विहिरी तो ओलांडतात. वरचें दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांस अशा पाण्यानें अंग निळें पडण्याचा विकार होतो हें अमेरिकेंत कॉम्ली या डॉक्टरानें १९४५ सालींच दाखविलें. ज्या घरांत नातवंडें येतात त्या घरास हा खर्च रुपयांत मांडतां येत नाहीं.

शिवाय वेंचणी आमच्या अंगणापुरती तरी मजुरीची नव्हती. एका मोठ्या निंबाला वर्षास ३० ते ५० किलो निंबोळ्या येतात असा सर्वसाधारण अंदाज आहे. गर काढून वाळविल्यावर बी पुष्कळ कमी भरतें, पण दोन झाडांच्या निंबोळ्या तीन-चार गोण्यांच्या राखणीस पुरतात. ज्येष्ठ-आषाढांत त्या पडूं लागल्या कीं सकाळीं सडासंमार्जनाच्या आधीं चादर टाकून ठेवावयाची, गर धुऊन काढावयाचा, सावलींत वाळवावयाच्या, व गोणपाटांत भरावयाच्या. प्लॅस्टिकच्या पिशवींत भरल्या तर बुरशी येते. त्या वर्षींची निंबोळी पुढच्या वर्षींच्या रोवण्यास कामीं येते, कारण ती पिकते तेव्हां पेरणीची घाई सुरू झालेली असते. हें सगळें वहिनींनींच बसविलें. आम्हीं फक्त शास्त्र सांगितलें.

गेल्या पावसाळ्यांत तीन बांध्या परीक्षेसाठीं राखल्या. एकींत नेहमींची पद्धत. दुसरींत निंबोळीच्या भुकटीचा युरिया, पाणी काढून चिखलांत कालविलेला. तिसरींत, कारखान्याच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या नाहींत म्हणून, ओल्या मातीच्या गोळ्यांच्या पोटांत युरिया भरून ते चार चुडांच्या मध्यें दाबले; गिरिपुष्पाचीं रोपें धुऱ्यावर लहान होतीं, तेव्हां पाला करंजाचा व तरोट्याचा घातला. दुसऱ्या व तिसऱ्या बांधीस युरिया दोन-तृतीयांशच दिला. रोवण्याच्या बायांनीं तिसऱ्या बांधींत कंबर धरून कुरकूर केली, व ती रास्त होती. सोळाहि बांध्यांत हें हातानें करावयाचें म्हटल्यास कोणी येणार नाहीं. श्रावणाच्या झडीनंतर पहिली बांधी नेहमींप्रमाणें फिकी पडली. दुसरी थोडी उशिरानें फिकी पडली. तिसरी लोंब्या येईपर्यंत हिरवी राहिली, आणि तो हिरवेपणा भडक नव्हता, बेताचा होता. मळणींत पहिल्या दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाहीं, म्हणजे युरिया कमी टाकूनहि दुसरी मागें पडली नाहीं. तिसरी सरस उतरली. धान कोठेंच लोळलें नाहीं. मात्र त्या आश्विनांत वादळहि आलें नाहीं, म्हणून त्याचें श्रेय निंबोळीस देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. एका वर्षाच्या तीन बांध्यांवरून सिद्धांत निघत नाहीं, हें आम्हीं विद्यार्थ्यांना तीस वर्षें सांगत आलों. तें पुतण्यालाहि सांगितलें.

दादांनीं मळणीनंतर खळ्यावर उभें राहून तिसऱ्या बांधीचें धान मुठींत घेतलें, फुंकर मारून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां घरांत गेले. ठेक्याचा कागद त्यांनीं अजून केलेला नाहीं. केला नाहीं, एवढेंच आम्ही सांगूं शकतों.

दरम्यान दुसराच एक प्रश्न उभा आहे. पुतण्याचें लग्न ठरत आलें असून त्याच्यासाठीं एक खोली वाढवावयाची आहे, आणि ती जेथें यावयाची तेथें दोन निंबांपैकीं थोरला उभा आहे. गवंड्यानें चुन्याची रेघहि मारून ठेवली होती. वहिनींनीं ती रेघ परसाकडे सरकवून घेतली. त्यामुळें खोली तीन हातांनीं आंखूड होते व गोठ्याचा एक खांब हलवावा लागतो. भावी सूनबाईंच्या माहेरच्या मंडळींस हें कसें वाटेल याची दादांना काळजी पडली आहे. वहिनी म्हणतात, मुलगी येऊन पाहील आणि तिचें तीच ठरवील. तोंवर चादर झाडाखालीं टाकावयास कोणाची हरकत नाहीं. यंदाच्या निंबोळ्यांचीं पोतीं माडीवर चढविलीं आहेत, आणि करंजाच्या शेंगा फोडावयास सोपें साधन नागपुरास मिळतें काय, हें पुतण्यानें परवांच्या पत्रांत विचारलें आहे.